मंगलाष्टकांवाचून सुखान्त

मराठी प्रेक्षक लुगडे नेसलेल्या पुरुषाला पाहून पिढ्यान्‌पिढ्या हसत आला आहे. तमाशातील गवळणीत मावशी अवतरते ती पुरुषाच्याच आवाजात. आचार्य अत्रे यांनी ब्रँडन टॉमस यांच्या १८९२ मधील इंग्रजी फार्सवरून ‘मोरूची मावशी’ बेतली आणि ती परकी मावशी मराठी घरांत आपली म्हणून नांदू लागली. १९८८ मधील ‘अशी ही बनवाबनवी’ या चित्रपटात तर भाड्याच्या जागेपायी पुरुषांनाच पुरुषांच्या बायका व्हावे लागले. घरमालकीण जोडप्यांवाचून कोणाला जागा देईना, एवढ्या एका अडचणीवर तो सारा डोलारा उभा आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर त्या विनोदाचे मूळ जागेच्या टंचाईत आहे. तथापि एक शक्यता या साऱ्या हास्यकल्लोळात फारशी कोणाच्या मनाला शिवलेली दिसत नाही. त्या खोलीत राहायला आलेल्या दोघांना सोंग म्हणून नव्हे, तर खरोखरच एकमेकांबरोबर राहायचे असेल, ही ती शक्यता होय.

ज्या वेळी ही शक्यता मराठी लेखकाने गंभीरपणे विचारात घेतली, त्या वेळी हसू मावळले. विजय तेंडुलकर यांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) मधील सुमित्रा एका मुलीवर प्रेम करते आणि अखेरीस आपले आयुष्य आपल्या हाताने संपवते. सतीश आळेकर यांच्या ‘बेगम बर्वे’ (१९७९) मध्ये संगीत नाटकात एके काळी किरकोळ स्त्रीभूमिका करणारा बर्वे एका कारकुनाच्या स्वप्नात संसार मांडतो, डोहाळजेवणापर्यंत मजल जाते आणि मग ते स्वप्न फुटते. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत भाऊ आणि बहीण दोघेही एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. तो दोघांच्याही हाती लागत नाही. या कृतींची थोरवी कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या शेजारी दुसरे काही नसण्याचा.

माणूस निर्णय घेतो तो जवळच्या माहितीवर, आणि माहिती एकाच प्रकारची असेल तर निर्णयही एकाच प्रकारचा होतो. शिरूरच्या बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराला आपल्या मुलाचे मन मुलीत नाही हे कळले, असे समजू. अशा माणसाचे पुढे काय होते, हे त्याला कोठून ठाऊक असणार? नाटकातून, चित्रपटातून, वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीतून. त्या सर्वांनी त्याला एकच उत्तर शिकवलेले असते. मग तो घाबरा होऊन दोन महिन्यांत स्थळ पाहतो आणि मुलाचे लग्न उरकून टाकतो. मुलाच्या भल्यासाठीच तो हे करतो, त्याच्या हेतूबद्दल शंका घेऊ नये. परंतु या व्यवहाराची किंमत जी मुलगी पुढे आयुष्यभर मोजते, तिला कोणी विचारलेले नसते. समलिंगी प्रेमाची एखादी हसती-खेळती, सुखाने संपणारी गोष्ट मराठीत यावी ही मागणी म्हणूनच चैनीची नव्हे. ती त्या मुलाइतकीच त्या अनोळखी मुलीसाठीही आहे.

सुखान्ताला मोल पडते, हे एका परक्या लेखकाने फार पूर्वी ओळखले होते. ई. एम. फॉर्स्टर यांचे नाव मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नाही. देवास थोरली पाती या मराठा संस्थानच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून त्यांनी १९२१ मध्ये काम केले होते. त्याआधी १९१३-१४ मध्ये त्यांनी ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक शेअर दलाल, तर त्याचा प्रियकर एका जमीनदाराच्या रानाची राखण करणारा नोकर. दोघे एकत्र राहतात आणि सुखी होतात, असा तिचा शेवट आहे. कादंबरी आनंदात संपवणे आपल्याला अपरिहार्य वाटले, असे फॉर्स्टर यांनी पुढे एका टिपणात नमूद केले. नायकाला गळफास लावून दिला असता तर सर्व काही सुरळीत झाले असते, अशा अर्थाचा टोमणाही त्यांनी त्यात मारला आहे. त्यांच्या हयातीत पुस्तक छापले गेले नाही. ते १९७० मध्ये निवर्तले आणि १९७१ मध्ये ‘मॉरिस’ प्रसिद्ध झाली. इंग्रजी कायद्याला या प्रेमाचा शोकान्त चालत होता, सुखान्त चालत नव्हता, असाच याचा अर्थ.

भारतात ती अडचण आता उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना दंड संहितेच्या कलम ३७७ मधून मुक्त केले. हिंदी चित्रपटांनी त्याचा लाभ लगोलग उठवला. ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’ (२०२०) आणि ‘बधाई दो’ (२०२२) या दोन्ही सुखात्मिकाच आहेत, आणि दोन्ही महानगराबाहेरच्या घरांत घडतात. मराठीत मात्र खऱ्या अर्थाने मार्ग मोकळा केला तो रोहन परशुराम कानवडे यांनी. ‘उ उषाचा’ या त्यांच्या २०१९ मधील लघुपटात एका निरक्षर शेतमजूर बाईचे मन शाळेतल्या शिक्षिकेकडे ओढ घेते. ‘साबर बोंडं’ हा त्यांचा मराठी चित्रपट २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये नोकरी करणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. भाऊबंद त्याच्यामागे लग्नाचा लकडा लावतात. आणि त्याच दिवसांत बाळ्या या शेतकरी मित्राशी त्याचे जुने नाते पुन्हा उमलते. ही सुखात्मिका नव्हे. पण गावाकडे असले काही नसते, हा आक्षेप या चित्रपटाने निकालात काढला. शिवाय शहरातला नोकरदार आणि गावातला शेतकरी या दोन टोकांत गोष्टीचे केवढे भांडवल आहे, हेही दाखवून दिले.

स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत लेखकाला एक विरोध आयता मिळतो. एक पुरुष, एक स्त्री; तो आडदांड, ती हळवी; तो उधळ्या, ती काटकसरी. निम्मे विनोद या जुन्या पुंजीवर चालतात. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या गोष्टीत ही पुंजी हाताशी नसते. मग आळशी लेखक काय करतो, तर त्यातल्या एकाला बायकी करून टाकतो आणि पुन्हा मावशीपाशी येऊन थांबतो. वास्तविक ही उणीव म्हणजे मोठीच संधी आहे. लिंगभेदाचा आयता आधार काढून घेतला की लेखकाला माणसांमधले खरे भेद शोधणे भाग पडते. धंद्याचे भेद, गावाचे, जातीचे, मिळकतीचे, बोलीचे, स्वभावाचे. आणि असे भेद पाहायला दूर जाण्याची गरज नाही; पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पुरेसे आहेत.

शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडला रेल्वेवाचून दुसरे काही नाही, असे थोडी अतिशयोक्ती करून म्हणता येईल. जुनी माणसे अजूनही ज्याला घोडनदी म्हणतात ते शिरूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर वाढले. तिथले अर्थकारण कांद्यावर, उसावर आणि अलीकडे रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीवर चालते. दौंड हे सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गांचे जंक्शन. रेल्वेच्या चाळी, राज्य राखीव पोलीस दलाची वसाहत, कुरकुंभचे रासायनिक कारखाने असा पगारदारांचा गाव. शिरूरची घोड नदी भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून वाहते. (कथालेखकाने या संगमाचे प्रतीक करू नये एवढीच विनंती, मराठीत नद्यांच्या संगमांना पुष्कळ काम लागलेले आहे.)

उदाहरणादाखल दौंडचा एक बुकिंग क्लार्क आणि शिरूर तालुक्यातला एक कांदेवाला घ्यावा. पहिल्याचे आयुष्य वेळापत्रकाने चालते. महिन्याची पहिली तारीख, महागाई भत्ता, पाळी, निवृत्तीचे वर्ष हे सारे त्याला आधीच ठाऊक असते. गाडी चार मिनिटे उशिरा सुटली तरी तो अस्वस्थ होतो. दुसऱ्याला उद्याचा भाव माहीत नसतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ मध्ये उठवली. त्या पाच महिन्यांत ज्याची चाळ भरलेली होती त्याने वेळापत्रक या वस्तूवर विश्वास ठेवावा तरी का? एकाचा स्वभाव जोखीम टाळण्याचा, दुसऱ्याचा जोखमीवरच पोसलेला. हे दोघे प्रेमात पडले की पहिल्या भेटीपासून विनोद आपोआप घडू लागेल. एक ठरल्या वेळेआधी अर्धा तास येऊन उभा राहील आणि दुसरा लिलाव लांबला म्हणून तीन तास उशिरा, मिरचीचे एक पोते बरोबर घेऊन, उगवेल.

पण इथेच लेखकाने सावध राहावयास हवे. वरवर पाहता कांदेवाला धीट आणि कारकून भित्रा वाटतो. व्यवहारात गोष्ट अनेकदा उलटी असते. कारकुनाचा पगार त्याच्या एकट्याच्या नावे जमा होतो. तो उद्या बदली मागून कोठेही जाऊ शकतो. कांदेवाल्याच्या सातबारावर मात्र भावांची नावे आहेत, विहिरीत चुलत्याचा हिस्सा आहे, सोसायटीच्या कर्जाला आतेभाऊ जामीन आहे. भावाची जोखीम तो हसत घेईल, परंतु घरातली जोखीम घेताना त्याचे हात बांधलेले असतात. जो बाजारात शूर तो ओसरीवर गप्प, आणि जो फलाटावर भित्रा तो एके दिवशी ओसरीवर येऊन स्वच्छ बोलून जातो, ही उलथापालथ म्हणजे सुखात्मिकेचा खरा कणा ठरेल. दोघांचे विरुद्ध असणे नुसते गमतीपुरते राहणार नाही. एकाकडे जे नाही ते दुसऱ्याकडे आहे, हे दोघांना कळण्याची ती गोष्ट होईल.

भाषा तर या लेखकाला हात जोडून मदत करील. मराठीत नाते आधी संबोधनात घडते. कांदेवाला कारकुनाला पहिले सहा महिने ‘साहेब’ म्हणणार, कारकून त्याला ‘पाटील’ म्हणणार. ‘तुम्ही’चे ‘तू’ नेमके कोणत्या दिवशी होते, यावर एक अख्खा अंक उभा राहू शकतो. आजीच्या पिढीत बाईने ‘अहो’ म्हणायचे आणि पुरुषाने ‘अगं’ म्हणायचे, हे ठरलेले होते. इथे ‘अहो’ कोणी म्हणायचे? शिवाय मराठी घर परक्याला फार काळ परका ठेवत नाही. कांदेवाल्याची आई त्या कारकुनाला ‘बाळा’ म्हणू लागेल, दिवाळीला बहीण त्याला भाऊबीजेला ओवाळील, आणि तो ताटात ओवाळणी घालून बसल्यावर त्याच्या ध्यानात येईल की ज्या घरात त्याला दुसऱ्याच नात्याने शिरायचे होते तिथे तो कायमचा भाऊ होऊन बसला आहे. माया आणि कोंडी एकाच ताटात वाढणारा असा प्रसंग परक्या भाषेतून उसना आणता येत नाही.

दोघे भेटणार कोठे, हाही प्रश्न आहेच. शिरूरहून न्हावऱ्यावरून येणारा रस्ता चौफुल्याला सोलापूर महामार्गाला मिळतो आणि दौंडला जाणाऱ्याने तिथे गाडी बदलावी. चौफुला म्हटले की लावणीची कलाकेंद्रे आठवतात, आणि लेखकाला आपली गोष्ट त्या दिव्यांखाली नेण्याचा मोह होईल. तो त्याने आवरावा. फड, घुंगरू आणि नाच्याची व्यथा यांवर ‘नटरंग’सारख्या कृतींत मराठीने मन लावून लिहिले आहे. तिथे शिरलेली गोष्ट पुन्हा जुन्या वाटेने रडत बाहेर येईल. या दोघांसाठी स्टँडसमोरचे चहाचे दुकान बरे.

राहण्याच्या जागेचा प्रश्न मात्र आनंदाने रंगवावा असा आहे. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात एका खोलीत दोन, तीन, चार पुरुष राहतात. त्यांना रूम पार्टनर म्हणतात आणि कोणी भुवई उंचावत नाही. जी जागा ‘बनवाबनवी’तल्या मंडळींना सोंगाशिवाय मिळेना ती आज दोन पुरुषांना सोंगाशिवायच मिळते, कारण खरे काय ते कोणाच्या कल्पनेतच नसते. तिशी उलटून स्थळे येऊ लागली की ही ढाल गळून पडते, आणि खऱ्या गमतीला तिथून सुरुवात होते. दोन स्त्रियांना मात्र हीच खोली मिळताना नाकी नऊ येतात. त्या रात्री किती वाजता येतात, त्यांच्याकडे कोण येते-जाते, गावी कोण असते, याची चौकशी घरमालक आधी करतो. तेव्हा कारखान्यात पाळीवर जाणारी मुलगी आणि गावातली अंगणवाडी सेविका यांची सुखात्मिका लिहायची तर ती या पुरुषांच्या गोष्टीची नुसती नावे बदलून लिहिता येणार नाही. तिचा विनोद घरमालकाच्या प्रश्नांतून निघावा लागेल, आणि तो बहुधा अधिक तिखट निघेल.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो विरोधकांपेक्षा आपुलकीच्या माणसांकडून येण्याचा संभव जास्त. ज्यांना घरातून हाकलले जाते, ज्यांच्यावर जबरदस्तीने उपचार केले जातात, त्यांच्या दुःखावर हे हसण्याचे पांघरूण नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. दुःख वगळून लिहिलेली गोष्ट खोटीच ठरेल. परंतु सुखात्मिका अडचणी वगळत नाही. उलट ती अडचणींवरच जगते. फक्त त्या ओलांडता येण्याजोग्या आहेत, असे ती मानते. हनीफ कुरेशी यांनी लिहिलेला ‘माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट’ हा १९८५ चा इंग्रजी चित्रपट पाहावा. लंडनमधला एक पाकिस्तानी वंशाचा तरुण आणि आशियाई लोकांचा द्वेष करणाऱ्या टोळक्यात वावरलेला एक गोरा तरुण मिळून कपडे धुण्याचे दुकान चालवतात. बेकारी, वंशद्वेष, मारहाण हे सारे त्यात आहे, आणि तरी ते दोघे शेवटी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत खेळताना दिसतात. त्यांचे प्रेम टिकते याचे एक कारण दुकान आहे. हातात हात घालून गाणी म्हणणाऱ्या जोड्यांपेक्षा हिशेबाची वही सांभाळणाऱ्या जोडीवर प्रेक्षकाचा विश्वास लवकर बसतो.

शेवटची अडचण सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत चविष्ट आहे. मराठी सुखात्मिका मंगलाष्टकांनी संपते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की पडदा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेकडे सोपवला. म्हणजे दौंडच्या कारकुनाला आणि शिरूरच्या कांदेवाल्याला तो शेवट कायद्याने उपलब्ध नाही. कारकुनामागे त्याच्या साथीदाराला रेल्वेचे कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळणार नाही. कांदेवाल्याच्या जमिनीवर मृत्युपत्राशिवाय कारकुनाचा हक्क लागणार नाही. लेखक हौसेने खोटा मांडव घालू शकतो. परंतु बाल्कनीतल्या प्रेक्षकाला तो खोटा आहे हे ठाऊक असते.

मग पडदा पाडायचा कोठे? २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन रूक्ष पत्रके काढली. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातील समजावे, असे अन्न खात्याने राज्यांना कळवले. आणि अशा दोघांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास किंवा जोडीदाराचे नामनिर्देशन करण्यास कोणताही अटकाव नाही, असे अर्थखात्याच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केले. सरकारी पत्रकांत प्रणय सहसा आढळत नाही. इथे तो आढळतो.

म्हणून शेवटचा प्रवेश दौंडमधल्या एखाद्या बँकेत, सोमवारी सकाळी, गर्दीच्या वेळी घडावा. कारकून ठरल्या वेळेआधी येऊन, फोटो चिकटवून, फॉर्म दोन प्रतींत भरून रांगेत उभा आहे. कांदेवाला बाजार आटोपून, अंगाला पातीचा वास घेऊन, घाईघाईने आत शिरतो. खिडकीपलीकडच्या बाई चष्मा वर करून दोघांकडे पाहतात आणि ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात असेल तो’ या ओळीपुढे खूण करायला सांगतात. नामनिर्देशनाच्या फॉर्मवर नाते लिहिण्याचा एक रकाना असतो. तो मोकळा आहे. कारकुनाच्या मते सरकारी कागदावर रकाना मोकळा ठेवणे म्हणजे गुन्हाच. तो ‘मित्र’ लिहायला पेन उचलतो. कांदेवाला पेन त्याच्या हातून काढून घेतो. तुझ्या बहिणीने मला अजून ओवाळले नाही, मग मी काय लिहू, असे तो मोठ्याने विचारतो, आणि रांगेतली माणसे हसतात. पहिल्यांदाच, आणि नेहमीसाठी, त्याच्या तोंडून ‘तू’ आलेले असते. खिडकीतल्या बाई रांगेकडे पाहतात, घड्याळाकडे पाहतात आणि म्हणतात, काय लिहायचे ते लवकर लिहा, मागे लोक थांबलेत.